बाबांच्या कण्यातली शक्ती

माझ्या बाबांच्या पाठीत साक्षात शक्ती साडेतीन वेटोळे घालून झोपलेली आहे, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आधी कळली असती तर त्या पाठीवर आम्ही सरकीची पोती लादू दिली नसती.

बाबा समुद्रपूरजवळच्या एका जिनिंगमध्ये हमाल होते. दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस, सरकी, रुईच्या गठाणी. बाकीचे महिने हाताला लागेल ते काम: विहिरीचा मलबा, लग्नाचा मांडव, कोणाच्या घराच्या विटा. माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. घर म्हणजे टिनाची एक खोली. कापसाची तुसं बाबांच्या केसांत, भुवयांत, आणि भाकरीतसुद्धा. माय अधूनमधून म्हणायची, मी वावरातच जेवून आली, तुमी खा. वेचणाऱ्या बायांना वावरात कोणी जेवायला घालत नाही, हे मला बारावीत गेल्यावर कळलं.

संध्याकाळी लोकांच्या घरी टीव्ही लागायचा. आमच्या घरी बाबा अंगणात पालथे पडायचे आणि मी त्यांच्या पाठीवर चालायचे. कमरेपासून मानेपर्यंत जायचं, मानेपासून कमरेपर्यंत यायचं, आणि तोंडानं पाढे म्हणायचे. सतराचा पाढा झाला की बाबा म्हणायचे, झालं, उतर. म्हणजे ज्या मार्गानं ती शक्ती वर चढते म्हणतात, त्या मार्गावर मी सात-आठ वर्षं पायी प्रवास केलेला आहे. वाटेत चक्रं, कमळं, देवी वगैरे काही लागलं नाही. कपाशीची तुसं मात्र तळपायाला टोचायची.

मी बी.एस्सी. आहे. प्राणिशास्त्र, पहिला वर्ग. त्यावर लॅबचा डिप्लोमा. हिंगणघाटला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी न विचारता सांगते, कारण विचारायला कोणी येत नाही.

समुद्रपूर

बाबांच्या मणक्यांमधली गादी सरकली आणि जिनिंगनं त्यांना घरी बसवलं. त्याच वर्षी मी त्यांच्या बोटाला सुई टोचली आणि शुगर निघाली. डॉक्टरांनी रोज सकाळची एक गोळी लिहून दिली. पण बाबांचा सोमवार, एकादशी, चतुर्थी असं काही ना काही चालू असायचं, आणि उपास म्हटला की पोटाबरोबर गोळीलाही सुट्टी. एक दिवस मी चिडले. सांगितलं की आभाळ कोसळलं तरी सकाळची गोळी चुकवायची नाही. बी.एस्सी. मुलगी बोलली म्हणजे आमच्या घरात तो कायदा असतो. बाबांनी मान हलवली, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

घरी बसलेला हमाल कसा दिसतो हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. बाबा दारात बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे, आणि येणारा-जाणारा घाईत असायचा. हा माणूस बरोबर हेरला आमच्या चौकातल्या गोपालशेठनी. शेठचं किराणा दुकान आहे आणि फावल्या वेळात ते अध्यात्म करतात. त्यांनी बाबांना दुकानासमोरच्या बाकावर बसवून समजावलं, की आपण जे खातो त्याचा रस होतो, रसाचं रक्त, रक्ताचं मांस, असं सात पायऱ्या चढत चढत शेवटी जे उरतं ते ओज. दुधातून तूप निघावं तसं. सगळ्या जिवाचा तो अर्क. आणि कण्याच्या बुडाशी झोपलीय ती कुंडलिनी. ती जागी झाली, सुषुम्नेतून वर चढली, की माणूस माणूस राहत नाही. हिंगणीपुढे बोर धरणाच्या अंगाला सात दिवसांचं शिबिर आहे, राहणं-खाणं फुकट, शेठच्या ओळखीनं जागा आहे.

बाबांना त्यातलं काय समजलं मला माहीत नाही. पण चाळीस वर्षांत त्यांच्या पाठीकडे कोणी इतक्या आदरानं पाहिलं नव्हतं. ते शिबिराला गेले.

चौथ्या दिवशी शेठनी मायच्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. मंचावर बाबा. गळ्यात झेंडूचा हार. सगळं अंग थरथरत होतं, कपाळावरून घामाच्या धारा, नजर कुठेतरी दूर. शिबिराचे स्वामीजी त्यांच्या बेंबीकडे बोट दाखवून माइकवर सांगत होते, "देखिए, महादेवजी की शक्ती मणिपूर तक आ गयी है." आणि खाली लोक रांगेनं बाबांच्या पाया पडत होते. जिनिंगमध्ये त्यांची सगळी हयात 'म्हाद्या' अशी हाक ऐकण्यात गेली. चार दिवसांत महादेवजी. इतकी बढती कुठल्याच खात्यात मिळत नसेल.

मायनं तो व्हिडिओ सगळ्या गल्लीला दाखवला. मी दोनदा पाहिला. अशी थरथर, असा घाम, अशी हरवलेली नजर मी लॅबच्या बाकावर कितीदा पाहिली आहे. उपाशीपोटी तपासणीला आलेला, रांगेत ताटकळलेला पेशंट असाच दिसतो. त्याला आम्ही साखर देतो. हार घालत नाही. मी मायला म्हटलं, बाबांची शुगर उतरलीय. माय म्हणाली, "पोरी, त्याईले कोणी चांगलं म्हटलं का तुले काऊन झोंबते?"

व्हिडिओखाली शेठनी आणखी एक ओळ लिहिली होती. सातव्या दिवशी महाजागृती. पूर्ण चोवीस तास अन्नपाण्याशिवाय बैठक, आणि अग्रभागी समुद्रपूरचे महादेवजी. मी हिशेब केला. अशीच शुगर उतरत असेल तर चोवीस तासांनी बाबा मणिपूरच्या बरेच वर पोचणार होते, आणि तिथून परतीची एस.टी. नाही.

जाम

पाचव्या दिवशी सकाळी लॅबमध्ये रजा सांगून निघाले. पर्समध्ये शुगर मोजायचं मशीन आणि पंचवीस पट्ट्यांची डबी, हातातल्या पिशवीत ग्लुकोजचा डबा आणि बिस्किटांचे दोन पुडे. देवदर्शनाला जाताना लोक नारळ नेतात, तसं.

जामला गाडी बदलायची होती आणि वर्ध्याची गाडी नुकतीच गेली होती. हायवेवरचं गाव, हैदराबादकडे जाणारा ट्रक इथे थांबतो, नागपूरकडे जाणारा इथेच थांबतो, फक्त आपल्याला हवी ती एस.टी. थांबत नाही. मी आलुबोंडा आणि तर्री घेतली. तर्री अशी की पहिल्या घासाला कानातून वाफ निघाली, टाळू सुन्न झाली, डोळ्यांपुढे उजेड. मणिपूर, अनाहत, विशुद्ध, सगळी चक्रं एका बशीत. दुकानदाराला याची काही कल्पना असावी असं वाटलं नाही. तो विचारत होता, ताई, अजून रस्सा देऊ काय.

पुढचं वर्धा, सेलू, हिंगणी असं तीन गाड्यांचं पुराण मी सांगत बसत नाही. सेलूच्या गाडीत शेजारच्या आजींनी कुठे जाऊन राह्यली विचारलं. मी शिबिराचं नाव घेतल्यावर त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "लगन नाई झालं वाट्टे."

हिंगणीच्या पुढे

होळी होऊन गेली होती. पळस अजून लाल होता, साग बोडका झाला होता, आणि मोहाची झाडं पानं टाकून फुलांच्या तयारीत. आमच्याकडे नजर जाईल तिथवर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची खोडं. इथे नजर पाच-पन्नास पावलांवर झाडाला अडते. समुद्रपूरच्या माणसाला याची सवय नाही. आपल्याला कोणीतरी पाहतंय असं वाटत राहतं.

ते खरंही होतं. ऑटोवाल्यानं मला फाट्यावर सोडलं आणि मी पायी निघाले, तर पुलाच्या कठड्यावर दहा-बारा माकडं बसली होती. त्यातल्या एका काळ्या तोंडाच्यानं अतिशय शांतपणे येऊन माझ्या हातातली पिशवी उघडली, आपलीच असल्यासारखी. बिस्किटांचे दोन्ही पुडे काढले. मग ग्लुकोजचा डबा काढला, दातानं फोडला, आणि पांढरी भुकटी अंगाखांद्यावर उडवत झाडावर गेलं. पर्स काखेत होती म्हणून मशीन वाचलं. त्या दिवशी त्या सगळ्या रानात सर्वांत जास्त शक्ती जागी झाली असेल तर ती त्या माकडात.

शिबिर म्हणजे पत्र्याचा लांब मंडप, त्यापुढे धरणाचं खाली गेलेलं पाणी आणि पाण्यापर्यंत भेगाळलेली माती. जागा देखणी होती, खोटं कशाला बोलू. फाटकावरच्या कार्यकर्त्यानं सांगितलं की सध्या मौन चालू आहे, नातेवाइकांची भेट उद्या सकाळच्या बैठकीनंतर. मी म्हटलं, माझे वडील आजारी आहेत. तो म्हणाला, इथे कोणी आजारी नाही. इतका आत्मविश्वास मी मोठ्या दवाखान्यातसुद्धा पाहिला नाही.

तेवढ्यात मंडपातून खिचडीची रांग निघाली आणि रांगेत सगळ्यात पुढे बाबा. पांढरा सदरा, कपाळाला भस्म. पाय स्थिर होते. बसून पोटभर जेवले. माझ्याकडे नजर गेली तेव्हा मला वाटलं, उठून येतील. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मग उजवा हात उचलून मला आशीर्वाद दिला. माझ्याच बापानं मला, लांबून, अनोळखी बाईला देतात तसा.

माणूस चालतोय, जेवतोय, आशीर्वादही देतोय म्हटल्यावर माझा धीर थोडा परत आला. पण प्रश्न डोक्यात तसाच. शिबिराच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: रासायनिक औषधं आत आणू नयेत, त्यांनी नाड्या बंद होतात. म्हणजे बाबांची गोळी पाच दिवस बंद. गोळी बंद तर शुगर चढायला हवी. उतरतेय कशी? पहिल्या वर्गाच्या पदवीला हे उत्तर येत नव्हतं.

सुंताबाईंचं घर

स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. तिथल्या मुख्य बाई सुंताबाई मडावी, पलीकडच्या पाड्यातल्या. पन्नाशीच्या, बारीक, आणि बोलणं असं की मोठ्या पातेल्याची धार. मी कोण ते कळल्यावर म्हणाल्या, त्या फाटकावाल्याच्या नादी लागू नको, माह्या घरी चल. घरात त्या आपल्या मुलीशी गोंडीत बोलत, माझ्याकडे वळल्या की मराठीत. मला गोंडीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण माझ्याविषयीच चाललंय एवढं समजत होतं. जेवायला ज्वारीची भाकर, लसणाची चटणी आणि रानातल्या कुठल्याशा पानांची भाजी. आमच्या घरी पाहुण्याला पहिली भाकर देतात; त्यांनी मला दुसरी दिली. पहिली घरच्या पूर्वजांच्या नावानं बाजूला ठेवली होती. पूर्वजांच्या मागोमाग नंबर लागणं मला मानाचंच वाटलं.

सुंताबाईंना साधकांबद्दल फारसा आदर नव्हता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे लोक मंडपात हवा खातात आणि मागच्या दारानं येऊन पोळी मागतात. बाबा मात्र मागत नव्हते. रोज पहाटे उठून, आंघोळ करून, बैठकीला बसणारा पहिला माणूस तोच. बैठक तीन तासांची. दोन तास झाले की त्यांना थरथर सुटते. शेवटी प्रसादाचा शिरा देतात. शिरा खाल्ला की थोड्या वेळात थरथर बंद. स्वामीजी म्हणतात, शक्ती परत मूलाधारात गेली.

"मी रोज पाह्यतो ना," सुंताबाई म्हणाल्या, "थ्या शक्तीले भूक लागते. शिरा भेटला का चूप बसते."

पाच दिवसांत एवढं नेमकं निदान त्या एका बाईनं केलं होतं, आणि तेही पातेलं घासता घासता.

मग त्या सहज म्हणाल्या, की तुहा बाप चांगला माणूस आहे, रोज पहाटे चुलीपाशी येऊन कोमट पाणी मागतो, चुन्याच्या डबीतून काहीतरी काढून तोंडात टाकतो, आणि कोणाले सांगू नको म्हणतो.

चुन्याच्या डबीतून. बाबा तंबाखू खात नाहीत.

 बाबांनी गोळी बंद केलीच नव्हती. स्वामीजी म्हणाले उपाशी बसा, तर ते उपाशी बसले. मुलगी म्हणाली गोळी चुकवायची नाही, तर त्यांनी चुकवली नाही. पहाटे गोळी, मग तीन तास रिकामं पोट. गोळी आपलं काम चोख करत होती. आणि तो कायदा मी केला होता. गोळी घ्या म्हटलं; ती घेतली की जेवायलाच पाहिजे, हे वाक्य माझ्या तोंडून निघालंच नव्हतं. स्वामीजींनी तर नुसता हार घातला होता. शक्ती जागी करणारी मी.

सहावा दिवस

पहाटे सुंताबाई मोहफुलं वेचत निघाल्या आणि मी त्यांच्या मागे. दोन मूठ फुलं गोळा होईपर्यंत उजाडलं. मला घाई होती. त्या म्हणाल्या, वाघ बी याच वेळेले पाणी प्यायले येते, घाई करून त्याच्यापुढे जायचं हाय काय. आम्ही पोचलो तेव्हा चुलीवरच्या दुसऱ्या बाईनं सांगितलं, बाबा कोमट पाणी पिऊन मंडपात गेले त्याला दोन तास होत आले.

फाटकावरचा कार्यकर्ता आडवा आला. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्वयंपाकघराच्या दारानं आत गेले.

दोनशेक माणसं डोळे मिटून बसली होती. श्वास आत, थांबा, बाहेर. कोणी मधेच हुंकार देत होतं, एक काकू रडत होत्या, मागच्या रांगेत बरेच जण प्रामाणिकपणे झोपले होते. बाबा मंचावर. थरथर सुरू झाली होती. सदरा पाठीला चिकटलेला. ओठ पांढरे. मी मंचावर चढले आणि पर्स उघडली.

स्वामीजी रागावले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूनं सांगून ठेवते. सडपातळ, मऊ आवाजाचा माणूस. त्यांनी मला समजावलं की या अवस्थेत सुई टोचली तर त्या छिद्रातून प्राण बाहेर जातो. मी म्हटलं, हिंगणघाटला मी रोज चाळीस-पन्नास छिद्रं करते. आजवर त्यातून रक्त आलं, शिव्या आल्या, प्राण कोणाचाच आला नाही. ते म्हणाले, विज्ञानाला मर्यादा आहेत. मी म्हटलं, साखरेलाही आहेत, तेवढी पाहू द्या. आता चारशे डोळे उघडले होते. स्वामीजींनी बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "महादेवजी, आपकी इच्छा."

सगळं येऊन त्या एका माणसावर थांबलं. बाबांनी एकदा खाली लोकांकडे पाहिलं. ज्यांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं ती सगळी माणसं समोर होती. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी त्यांना नीट दिसतही नव्हते.  मी विनंती करणार होते, आणि मला ती करता येत नव्हती. घरात कायदे करायची सवय झाली की विनंती जमत नाही.

बाबांनी डावा हात पुढे केला. चार बोटं मिटून अनामिका वर, मी शिकवली होती तशी.

मशीनवर आकडा आला सेहेचाळीस; सत्तरच्या खाली गेला की धोका. मी माइकशिवायच तो मोठ्यानं वाचला. सुंताबाई गुळाच्या पाण्याचा गडवा घेऊन मागे उभ्याच होत्या. कार्यकर्ता म्हणाला, उपवास मोडेल. सुंताबाई त्याला म्हणाल्या, "थ्या देवीले भूक लागली हाय. तिले आधी पाजू दे, मंग मोडलं का जोडलं ते पाह्य."

बाबा गडवा दोन्ही हातांनी धरून प्यायले. थोडं सदऱ्यावर सांडलं. मी त्यांचं डोकं खांद्याला टेकवून बसले. दहा मिनिटांत घाम थांबला. पंधरा मिनिटांत त्यांनी मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, रजा कशी भेटली. मी पुन्हा सुई टोचली. एकोणनव्वद.

आता स्वामीजींचं काय होणार असं तुम्हाला वाटत असेल. काही झालं नाही. ते उठले आणि त्यांनी माइकवर जाहीर केलं की ऊर्ध्वगामी शक्तीला कन्येच्या प्रेमानं खाली उतरवलं, हा दुर्मीळ योग आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग रांग लागली ती माझ्या पाया पडायला. मी बी.एस्सी. आहे, मला सगळ्यावर उपाय ठाऊक आहे. यावर नव्हता. मी प्रत्येकाला म्हटलं, पाया पडू नका, बोट पुढे करा.

मग त्या रांगेतून जे बाहेर आलं ते पाहण्यासारखं होतं. एक निवृत्त मास्तर कानाशी येऊन पुटपुटले की त्यांची गोळी चष्म्याच्या डबीत आहे. रडणाऱ्या काकूंची जपमाळेच्या पिशवीत. एका भाऊंनी दंतमंजनाच्या डबीत तळाशी लपवली होती. सगळे स्वामीजींनाही भीत होते आणि घरच्या डॉक्टरलाही, म्हणून सगळ्यांनी दोघांचं ऐकलं होतं. माझ्याजवळच्या पट्ट्या संपेपर्यंत मी मोजत राहिले. काकूंची पंचावन्न निघाली. स्वामीजींनी त्यांना आदल्याच दिवशी अनाहतापर्यंत पोचल्याचं सांगितलं होतं. त्यांनाही गूळ-पाणी पाजलं. त्या खाली आल्या.

स्वामीजी हे सगळं बाजूला उभं राहून पाहत होते. शेवटी मी त्यांना एकट्याला गाठून हळू आवाजात सांगितलं, की उद्या चोवीस तास या लोकांना उपाशी ठेवलंत तर एखादा उठणार नाही.  दुपारी जाहीर झालं की महाजागृतीच्या बैठकीत दर दोन तासांनी लिंबू-गुळाचा काढा घेतला जाईल, असा आदेश त्यांना ध्यानात मिळाला. आदेश कोणाचा ते मी विचारलं नाही. काढा सुंताबाई करणार होत्या, एवढं मला पुरेसं होतं.

एक गोष्ट कबूल करते, नाहीतर हे वर्णन खोटं होईल. बाबा घरी यायला तयार झाले, आणि ते कपडे घेऊन येईपर्यंत मी धरणाच्या काठावर बसले आणि कोणी पाहत नाही असं बघून तो श्वास करून पाहिला. आत, थांबा, बाहेर. पाण्यावरून वारा येत होता. दोन-तीन दिवस खांद्यात धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. शक्ती असेल, झोप झाली नव्हती तेही असेल. बरं वाटलं.

परतीची वाट

हिंगणीला गाडीची वाट पाहत आम्ही लिंबाखाली बसलो. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून सुकलेली झेंडूची दोन फुलं काढली, हातात फिरवली.

"मंग थे शक्ती-बिक्ती काही नोतीच काय?"

"शुगर उतरलती, बाबा."

"लोकं पाया पडत होते व माह्या."

 खरं म्हणजे बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नाही. फुलं परत खिशात ठेवत ते म्हणाले, "मले वाटलं, आता तरी आपल्या आंगात काही निघालं. आजवर जे होतं थे जिनिंगनं काढून घेतलं."

तेव्हा मी त्यांना सांगितलं. की चूक माझी होती. गोळी चुकवू नका हे बजावलं, पण जेवणाशिवाय घेऊ नका हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. तुमी मरून गेले असते, आणि ते माझ्या शब्दानं.

बाबांनी ते नीट ऐकून घेतलं. "स्वामीजी म्हणे गोळ्या फेका. मी हाव म्हटलं. मनात म्हटलं, पोरगी शिकली हाय, थे उगीच सांगन काय. म्हणून डबीत ठेवल्या." मग माझ्याकडे वळून अत्यंत समाधानानं विचारलं, "तू बी चुकते काय व?"

मी म्हटलं, हाव. बाबा हसले. शिबिरात जाण्याआधीच्या वर्षभरात मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. वर्ध्यापर्यंत ते मधूनमधून हसत राहिले, आणि कंडक्टरलाही सांगितलं की ही माझी पोरगी, शिकलेली आहे, पण चुकते.

त्यानंतर आमच्या घरात बऱ्याच गोष्टी बदलल्या. ताट पुढ्यात आल्याशिवाय गोळी नाही. उपासाच्या दिवशी डॉक्टरांना विचारून गोळी. बाबा सकाळी अंगणात बसून श्वास करतात. मी त्याला हरकत घेत नाही. गोपालशेठच्या दुकानासमोरच्या बाकावर ते जुन्या हमालांना गोळा करून शुगरबद्दल सांगतात, आणि बिचारे शेठ चहा पाजतात. मी आता कायदे करत नाही; बाबा मला विचारतात आणि मग स्वतःचं ठरवतात.

मागच्या महिन्यात बाबांचं तीन महिन्यांच्या शुगरचं रक्त आमच्याच लॅबमध्ये तपासलं. आजार निघाल्यापासून पहिल्यांदा आकडा हद्दीच्या आत आला. रिपोर्टवर तपासणाऱ्याची सही माझी आहे.